मला मराठी कुणी शिकवलं, असं विचारणाऱ्या साहेबांस



तुमचं नाव मला ठाऊक आहे, तुमच्या अनुवाद संस्थेचंही. दोन्ही इथे लिहीत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. हे पत्र वाचताना ज्याला ज्याला ते आपल्यालाच लिहिलंय असं वाटेल, त्याने ते खुशाल आपलं समजावं.

आधी आठवण करून देते, कारण तुमच्या लक्षात असण्याची शक्यता कमी. घरबसल्या कामं मिळवून देणाऱ्या एका संकेतस्थळावर तुमची जाहिरात होती: इंग्रजीतून मराठी अनुवादक हवेत, तांत्रिक मजकूर, कायम काम, चांगला दर. मी अर्ज केला. तुम्ही चाचणी पाठवली. शेतीपंपाच्या माहितीपुस्तिकेतला विभाग 7.3, विषय विद्युत सुरक्षा, शब्द 640. चाचणी म्हणून साधारण अडीचशे-तीनशे शब्द देतात, हे या धंद्यातल्या कुणालाही माहीत असतं. तरी मी हरकत घेतली नाही. काम हवं होतं, आणि विषय माझ्या ओळखीचा होता. आमच्या भागात उसाला पाणी देणारा माणूस रात्री मोटर चालू करायला जातो, कारण शेतीची वीज बऱ्याचदा रात्रपाळीने येते. ओल्या पायांनी, बॅटरीच्या उजेडात तो स्टार्टरच्या पेटीत हात घालतो. त्याच्या हातात पडणारी सूचना कशी हवी, याचा मी विचार केला. गावातल्या वायरमनला फोन करून अर्थिंगबद्दल दोन गोष्टी विचारून घेतल्या. मेन स्विच बंद करायची सूचना मूळ इंग्रजीत परिच्छेदाच्या शेवटी होती. ती मराठीत आधी घेतली आणि तसं का केलं याची टीप समासात लिहिली. मुदतीच्या आत काम पाठवलं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. मूळ इंग्रजी, मराठीत सांगते: दर्जा अत्यंत खालचा. जवळजवळ प्रत्येक ओळीत शुद्धलेखनाच्या चुका. तुम्हाला मराठी कुणी शिकवलं? धंदा येत नसेल तर अर्ज करून लोकांचा वेळ वाया घालवू नये.

सोबत पुरावा म्हणून एक चित्र जोडलं होतं. माझ्या अनुवादाच्या पहिल्या पानाचं. जवळजवळ प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेषा.

ते चित्र मी मोठं करून नीट पाहिलं. कोणत्या शब्दांखाली रेषा होत्या? आहे. नाही. पाणी. विहीर. झाल्यास. वेळ. जळते. तळाशी. ज्या ज्या शब्दात ळ होता, तो झाडून सगळा चुकीचा. बरोबर कोणते ठरले? मोटर, तार, बंद, स्विच. आणि पानाच्या अगदी खालच्या पट्टीवर, बारीक अक्षरात, त्या संगणकाने कोणत्या भाषेचं शुद्धलेखन तपासलं तेही लिहिलेलं होतं: हिंदी (भारत).

म्हणजे तुम्ही माझा मराठी मजकूर हिंदीच्या तपासणीला लावला. यंत्राने हिंदीत नसलेला प्रत्येक शब्द लाल केला. तुम्ही त्या लाल रेषा पाहिल्या, मजकूर पाहिला नाही, आणि मला विचारलंत की मराठी कुणी शिकवलं. तुम्हाला मराठी वाचता येत नाही. तो गुन्हा नाही. जगात बहुतेकांना येत नाही. पण ज्या भाषेतलं 'आहे' आणि 'नाही' तुम्हाला ओळखता येत नाही, त्या भाषेतल्या कामाचा दर्जा ठरवायला तुम्ही बसलात, आणि ठरवून झाल्यावर काम करणारीची लायकीही काढलीत.

मराठी शुद्धलेखनाचे नियम आहेत, साहेब. मराठी साहित्य महामंडळाने केलेले 14 नियम राज्य शासनाने 1962 साली स्वीकारले, 1972 साली त्यांत आणखी 4 आले. त्या 18 नियमांपैकी कोणता मोडला ते सांगा, मी दुरुस्त करीन आणि आभारही मानीन. माझी चूक दाखवणाऱ्या माणसावर मी कधी रागावलेली नाही. या कामात तपासनीस असतो तो त्यासाठीच. तुमच्या संस्थेच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर आयएसओ 17100 या मानकाचं चिन्ह मोठ्या अक्षरांत आहे. 2015 साली आलेलं ते मानक सांगतं की अनुवाद झाल्यावर दुसऱ्या व्यक्तीने तो मुळाशी ताडून पाहिलाच पाहिजे, आणि त्या व्यक्तीला दोन्ही भाषा यायला हव्यात. माझ्या 640 शब्दांचा तपासनीस कोण होता? लाल रेषा ओढणारं यंत्र?

तुमच्या प्रश्नाचं उत्तरही देऊन टाकते. मला मराठी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाईंनी शिकवलं. बाई निबंधाच्या वहीत लाल शाईने खुणा करत, आणि प्रत्येक खुणेशेजारी बरोबर शब्द लिहीत. चाळीस-पन्नास वह्या घरी नेऊन. खूण करायची आणि बरोबर काय ते सांगायचं नाही, असं त्यांनी एकदाही केलं नाही. त्या आता हयात नाहीत. तुमच्या मेलमध्ये तुम्ही त्यांच्यावर बोट ठेवलंत, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं.

तरीही त्या दिवशी मी तुम्हाला सभ्य उत्तर पाठवलं. तपासणीची भाषा बदलून पाहावी, असं सुचवलं. कोणत्या चुका आढळल्या ते कळावं, अशी विनंती केली. तुमचा दुसरा मेल तासाभरात आला. चुकांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. होतं ते एवढंच: तुमचा उत्साह पाहून आम्ही एक संधी द्यायला तयार आहोत, दर शब्दाला 30 पैसे.

मी अर्जात दोन रुपये लिहिले होते. इंग्रजी-मराठी तांत्रिक कामाला तो काही चढा दर नाही. हिशेब वाचकांसाठी मांडते, तुम्हाला तो पाठ असणार. काळजीपूर्वक अनुवाद करणारी व्यक्ती दिवसाला दोन ते अडीच हजार शब्द करते. दोन रुपयांनी अडीच हजार शब्दांचे पाच हजार होतात. 30 पैशांनी साडेसातशे. त्यातून वीज, इंटरनेट, संगणकाचा हप्ता, संकेतस्थळाची दलाली. आणि रोज काम मिळतं असं नाही. साडेसातशे रुपयांत दिवसभर विद्युत सुरक्षेचा मजकूर कोण तपासून, फोन करून, समासात टिपा लिहून करील? कुणीच नाही. यंत्रातून काढून वरवर हात फिरवून देतील. तुम्हालाही तेच चालतं, कारण तुम्ही वाचतच नाही.

मी नाही म्हटलं. तुमचा तिसरा आणि शेवटचा मेल: तुमच्यासारखे शंभर मिळतात. त्यानंतर तुम्ही मला ब्लॉक केलंत, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र.

इथपर्यंत मी हा एका उर्मट माणसाचा उद्धटपणा समजत होते. असे भेटतात. बाजारात भाजी घ्यायची नसली तर माणूस पुढे जातो. एखादा असतो जो जाताजाता टोपलीला पाय लावतो. झटकून टाकून कामाला लागायचं, असं मी स्वतःला सांगितलं. मग नाशिकच्या एका अनुवादिकेशी बोलणं झालं. आमची ओळख कामातूनच झालेली. तिनेही तुमच्याकडे अर्ज केला होता. तिलाही चाचणी आली होती: शेतीपंपाची माहितीपुस्तिका, विभाग 7.4. तिला आलेला मेल तिने मला पाठवला. दर्जा अत्यंत खालचा. जवळजवळ प्रत्येक ओळीत शुद्धलेखनाच्या चुका. तुम्हाला मराठी कुणी शिकवलं? शब्द तेच, क्रम तोच. पहिल्या वाक्यानंतर चुकून पडलेले दोन पूर्णविरामसुद्धा दोन्हीकडे. दुसऱ्या मेलमध्ये उत्साह, संधी आणि 30 पैसे.

तेव्हा मला तुमचा धंदा कळला. तुमचा अपमान रागाच्या भरात लिहिलेला नाही. तो एकदा लिहून ठेवलेला आहे आणि प्रत्येकाला चिकटवला जातो. त्याची दोन कामं आहेत. पहिलं, दर पाडणं. आपलं काम वाईट आहे असं ज्याला पटलं, तो दोन रुपयांवरून 30 पैशांवर येतो आणि वर उपकार मानतो. दुसरं काम अधिक मोलाचं. ज्याला शरम वाटली, तो माझ्या त्या 640 शब्दांचं काय झालं असं कधी विचारायला येत नाही. वाईट म्हणून टाकलेल्या कामाचे पैसे कोण मागेल?

पण ते टाकलेलं नव्हतं. काही आठवड्यांनी त्या पंप कंपनीच्या संकेतस्थळावर मराठी माहितीपुस्तिका आली. आम्ही दोघींनी ती उतरवून घेतली. 7.3 अथपासून इतिपर्यंत माझं आहे. स्विच बंद करायची सूचना मी जिथे नेली तिथेच आहे. समासातली माझी टीप तेवढी काढली आहे. 7.4 नाशिकचं. 7.5 तिसऱ्या कुणाचं तरी असावं, कारण तिथून पुढे भाषा बदलते. ज्या भागाला मी स्टार्टर म्हटलंय, त्याला नाशिकच्या बाईने सुरुवातीचा स्विच म्हटलंय आणि 7.5 मध्ये त्याचंच नाव प्रारंभक झालंय. तिघांचीही बिचाऱ्यांची चूक नाही. एकाला दुसऱ्याचं पान दिसतच नव्हतं. पण रात्री पेटीसमोर उभ्या असलेल्या माणसाने एका वस्तूची तीन नावं वाचून काय समजायचं? तीन वस्तू? सुरक्षेच्या पुस्तिकेत हा घोळ माणसाच्या जिवावर बेतू शकतो. अख्खी पुस्तिका वीस-पंचवीस अर्जदारांत वाटून चाचणी म्हणून फुकटात करून घेतली की हेच होतं. पंप कंपनीने तुम्हाला पूर्ण पैसे मोजले असतील, आणि अनुवाद, तपासणी, शेवटचा हात असं सगळं बिलात लावून घेतलं असेल. त्यांनाही तुम्ही फसवलंत.

कायद्याबद्दल थोडं बोलू. नव्याने या कामात उतरणाऱ्या मुलामुलींनी हे पत्र वाचलं तर हा भाग त्यांनी जपून ठेवावा.

सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात अशी तरतूद आहे की अशा नोंदणीकृत व्यावसायिकाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत; लांबवले तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावं लागतं. एकट्याने काम करणाऱ्या अनुवादकालाही उद्यम नोंदणी करून या कायद्याचा आधार घेता येतो. माझी नोंदणी आहे. तुम्हाला हे माहीत असणार, म्हणूनच तुम्ही कामाला काम म्हणत नाही, चाचणी म्हणता. काम घेतलंच नाही असं म्हटलं की 45 दिवस मोजायला सुरुवातच कुठून करायची?

परंतु चाचणी म्हटल्याने मजकूर तुमचा होत नाही. प्रताधिकार कायदा 1957 सालचा आहे. त्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. नोकरीत असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं होतं, पण मी तुमची नोकर नव्हते. नोकरीला काय, कामालाही घ्यायला लायक नाही असं तुम्हीच लेखी कळवलंत. आणि 19 वं कलम सांगतं की हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. असा कागद तुमच्याकडे नाही. त्याहून जुना 1872 चा करार कायदा घ्या. त्याचं 70 वं कलम म्हणतं की फुकट करायचा हेतू नसताना एखाद्याने दुसऱ्यासाठी काही कायदेशीरपणे केलं आणि दुसऱ्याने त्याचा लाभ उठवला, तर त्याने भरपाई द्यायला हवी. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याला संगणक माहीत नव्हता, पण तुमच्यासारखा माणूस माहीत होता.

मी हे लिहीत असताना एक गोष्ट मनातून जात नाही. मी या कामात बरीच वर्षं आहे. लाल रेषा कशाच्या, हे मला चित्र मोठं करून पाहता आलं. नुकतीच पदवी झालेली एखादी मुलगी, नांदेडची किंवा गडहिंग्लजची, जिच्या घरी या कामाला अजून कुणी काम म्हणत नाही, जी रात्री सगळे झोपल्यावर चाचणी करून पाठवते, तिने तो मेल वाचला तर? ती चित्र मोठं करून पाहणार नाही. ती पहिल्या ओळीलाच खचेल. तिला वाटेल, बरोबरच आहे, आपल्याला येत नसेल. अर्ज करायलाही तिने पैसे घातलेले असतात. अपवर्कसारख्या ठिकाणी अर्जासाठी 'कनेक्ट्स' खर्च करावे लागतात, ते संपले की एकेक 15 सेंटला विकत घ्यायचे; अर्ज नाकारला तर ते परत येत नाहीत. फाइव्हरवर काम मिळालं तरी कमाईचा पाचवा हिस्सा संकेतस्थळ कापून घेतं. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालात अंदाज आहे की अशी सुटी कामं करणारी माणसं 2020-21 मध्ये 77 लाख होती, ती 2029-30 पर्यंत 2 कोटी 35 लाख होतील. त्यांत गाडी चालवणारे आहेत, घरपोच डबे पोचवणारे आहेत, आमच्यासारखे पडद्यामागचेही आहेत. या सगळ्यांना येत्या काळात कामापेक्षा नकार जास्त मिळणार आहेत. एका जागेला पन्नास अर्ज आले की एकोणपन्नास जणांना नाही म्हणावंच लागतं. ते कसं म्हणायचं, हे तुमच्यासारख्यांवर सोडून चालणार नाही.

नाही म्हणण्याबद्दल माझी तक्रार नाही. मराठी लिहिणाऱ्याला नकार नवा नाही. मासिकाला कथा पाठवताना सोबत परतीचं तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं, आणि ते पाकीट आपल्याच अक्षरातला पत्ता घेऊन दारात परत यायचं, हे आमच्या आधीच्या पिढ्यांनी वर्षानुवर्षं सोसलं. 'सत्यकथा' मासिकाने 1982 मध्ये बंद होईपर्यंत कितीतरी जणांचं लेखन परत केलं. पण त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्याकडून आलेल्या पत्रांबद्दल लेखकांनी आवर्जून लिहून ठेवलंय: कथा कुठे सैल पडली, शेवट का पटत नाही, कोणतं पात्र अपुरं राहिलं. त्यांच्या निवडीवर लोक चिडलेही. लघुअनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी 'सत्यकथे'चे अंक जाळले, तो इतिहास आहे. त्या भांडणात मी कुणाची बाजू घेत नाही. पण आपलं लिखाण न वाचताच परत आलं, आणि वर त्यातलंच पान आपल्या नावाशिवाय छापलं, असं तिथे घडत नव्हतं. चिडायलाही समोर वाचणारा माणूस होता.

आणि चांगला नकार आजही मिळतो. मागे एका पुस्तक प्रकल्पाच्या समन्वयक बाईंनी मला नाकारलं. त्यांनी लिहिलं होतं: तुमचा अनुवाद अचूक आहे, पण या पुस्तकाला बोलीचा बाज हवा आणि तो दुसऱ्या अर्जदाराकडे अधिक आहे, नमुन्यातल्या दुसऱ्या परिच्छेदातली लांब वाक्यं तोडून पाहा. चाचणीचे पैसे, ठरलेल्या दराने, त्याच दिवशी खात्यात जमा झाले. मी ती लांब वाक्यं तोडून पाहिली. त्या बाईंनी पुन्हा कधीही बोलावलं तरी मी हातातलं काम बाजूला ठेवून जाईन.

तुम्हाला तेवढं जमणार नाही, मान्य. रोज दोनशे अर्ज येतात, प्रत्येकाला सविस्तर लिहायला वेळ नाही, हे तुमचं म्हणणं मी ऐकूनच घेते. तर मग तुमच्या त्या साठवलेल्या मेलच्या जागी हा साठवा. फुकट देते, आणि या वेळी खरोखर फुकट देते:

"नमस्कार. आपला अर्ज आणि चाचणीचा मजकूर मिळाला. या कामासाठी आम्ही दुसऱ्या अनुवादकाची निवड केली आहे. आपला मजकूर आम्ही कुठेही वापरणार नाही. वेळ दिल्याबद्दल आभार."

चारपाच ओळी आहेत. यात कुणाच्या गुणवत्तेचा पंचनामा नाही, शिक्षकांचा उद्धार नाही. तिसरं वाक्य मात्र खरं असलं पाहिजे. ते लिहायला तुम्हाला जड जाईल, कारण सगळा धंदा त्याच वाक्यावर अडतो.

आणि माझ्या सहकाऱ्यांनो, जे हे पत्र वाचत आहात, तुमच्याशीही दोन शब्द. तीनशे शब्दांच्या वरची चाचणी आली तर दर विचारा. मजकुराला मधलाच विभाग क्रमांक असला, सुरुवात अर्धवट असली, तर सावध व्हा. चाचणी म्हणून मुद्दाम निवडलेला उतारा सहसा स्वतंत्र उभा राहतो. पाठवताना फाइलमध्येच लिहा की हा नमुना केवळ तपासणीसाठी आहे, वापरायचा झाल्यास दर अमुक. अर्ज करण्याआधी संस्थेची चौकशी करा. प्रोझ या अनुवादकांच्या संकेतस्थळावर 'ब्लू बोर्ड' नावाची नोंदवही आहे, तिथे अनुवादक संस्थांना एक ते पाच गुण देतात, पुन्हा यांच्याबरोबर काम कराल का या एकाच प्रश्नावर. आणि असा मेल आला तर तो एकट्याने वाचून मिटवू नका. दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. नाशिकच्या बाईने मला तो दाखवला नसता, तर मी आजही हा एका माणसाचा उद्धटपणा समजून गप्प बसले असते. तोच मेल दोघींना आलाय हे दिसलं, त्या क्षणी त्यातलं विष उतरलं. आता आमचा एक छोटा गट आहे. तिथे नकार मोकळेपणाने वाचले जातात, चांगलेही आणि असलेही. तुमच्या पुस्तिकेच्या आणखी चार विभागांचे अनुवादक त्यात सापडले आहेत, साहेब. सगळ्यांना मराठी कुणी शिकवलं, हे तुम्ही विचारलेलं आहे.

आता कामाचं. विभाग 7.3, शब्द 640, दर दोन रुपये, एकूण 1,280 रुपये. बिल तुमच्या संस्थेच्या लेखा विभागाच्या पत्त्यावर पाठवलं आहे; कर कापायचा असेल तर नियमाप्रमाणे कापा आणि प्रमाणपत्र द्या. बाकीच्या पाच जणांची बिलं त्यासोबत आहेत. पुढच्या आवृत्तीआधी तुम्ही त्या पुस्तिकेतल्या सुरक्षेच्या प्रकरणाला एकच अनुवादक आणि एकच मराठी जाणणारा तपासनीस द्यावा, आणि स्टार्टरला शेवटपर्यंत स्टार्टर म्हणावं. हे मी पैशांच्या आधी लिहायला हवं होतं, इतकं ते महत्त्वाचं आहे. पंधरा दिवसांत दोन्हींपैकी काही झालं नाही, तर आम्ही सहा जण सह्या करून पंप कंपनीला पत्र लिहू, विभागवार, आमच्या मूळ फाइली आणि तुमचे मेल जोडून. मसुदा तयार आहे. वकिलांनी तो वाचला आहे, अगदी पहिल्या ओळीपासून.

कळावे,

एक मराठी अनुवादक,
सांगली जिल्हा